वाचक विचारतात : दोन कैदी, दोरीचा विग आणि अँटिगनी

मागच्या अंकात 'द आयलंड' या दक्षिण आफ्रिकेतल्या नाटकावर (तुरुंगातले दोन कैदी 'अँटिगनी'चा प्रयोग बसवतात, ते) जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं, सोफोक्लीसच्या 'अँटिगनी'चं मला सगळ्यात जवळचं वाटणारं आजचं रूप म्हणून. त्यावर इतकी पत्रं आलीत की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. सगळ्यांना उत्तरं देणं जमलं नाही, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : आम्ही कॉलेजची पाचजणं 'द आयलंड' बसवायचं म्हणतोय. पण आमचे सर म्हणतात हे अँटिगनीचं रूपांतर नव्हेच. दोन कैदी, एक कोठडी, एक बादली, आणि अँटिगनी येते ती शेवटच्या प्रवेशात, तीही थोडा वेळ. थीब्ज नाही, कोरस नाही, हेमॉन नाही. मग याला रूपांतर का म्हणायचं? (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : तुझ्या सरांनी बरोबर मर्मावर बोट ठेवलंय. पण मला वाटतं ते ज्याला उणीव म्हणतायत तिथेच या नाटकाचा जीव आहे.

आधी मूळ गोष्ट थोडक्यात सांगते, बाकीच्या वाचकांसाठी. इसवीसनापूर्वी ४४१च्या आसपासचं नाटक. थीब्जच्या गादीवरून दोन सख्खे भाऊ एकमेकांना मारतात. नवा राजा क्रेऑन, म्हणजे त्यांचा मामा, एकाला मानाने पुरतो आणि दुसऱ्याला, पॉलिनायसीसला, देशद्रोही ठरवून उघड्यावर टाकतो, कुत्र्या-गिधाडांनी खावं म्हणून. जो त्याला माती देईल त्याला मरण. बहीण अँटिगनी जाते आणि मूठभर माती टाकते. पकडली जाते, लपवत नाही, हो मीच केलं म्हणते, आणि क्रेऑन तिला जिवंतपणी गुहेत कोंडतो. पुढे ती फास लावून घेते, तिच्यामागे क्रेऑनचा मुलगा हेमॉन जीव देतो, मुलामागे क्रेऑनची बायको.

आता १९६५ साल. पोर्ट एलिझाबेथ शहराला लागून न्यू ब्रायटन नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती, तिथली 'सर्पंट प्लेअर्स' ही हौशी मंडळी. नाव असं का, तर प्राणिसंग्रहालयातल्या सापांच्या जुन्या खड्ड्याच्या जागेत त्यांनी सुरुवात केली होती. दिवसभर कामधंदा करायचा नि रात्री तालीम. त्यांना हात द्यायला गोरा नाटककार अ‍ॅथल फुगार्ड. ते 'अँटिगनी' बसवत होते, तालमी चालू होत्या, आणि हेमॉनचं काम करणाऱ्या नटाला पोलिसांनी उचललं. थेट रॉबेन आयलंडला, राजकीय कैद्यांच्या तुरुंगाच्या बेटावर, रवानगी. त्याच्या जागी जो पोरगा हेमॉनसाठी उभा राहिला तो जॉन कानी. आणि तिकडे बेटावर त्या मंडळींतल्या कैद झालेल्या नटांनी काय केलं, तर जेवढं पाठ होतं तेवढ्यावर कैद्यांसमोर एक छोटीशी अँटिगनी करून दाखवली. पुस्तक नाही, कपडे नाहीत, वेळ मोजून मिळालेला.

ही बातमी बाहेर आली आणि फुगार्डच्या डोक्यात बसून राहिली. आठ वर्षांनी, १९७३ साली, फुगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना या तिघांनी तालमीत उभं राहून बोलत बोलत, करत करत हे नाटक घडवलं. जुलैमध्ये केप टाऊनच्या 'द स्पेस' या थिएटरात पहिला प्रयोग, पण 'द आयलंड' या नावाने नाही, कारण रॉबेन आयलंडचं नाव उघडपणे घेणं धोक्याचं होतं. तेव्हा नाव होतं 'डी होडोशे स्पान', होडोशेची टोळी. होडोशे म्हणजे मढ्यावर बसणारी हिरवी माशी, आणि नाटकात ते एका वॉर्डरचं टोपणनाव आहे. आणखी एक गोष्ट ऐक. त्या काळात कृष्णवर्णीय माणसाच्या कागदावर 'नट' असा धंदाच लावता येत नव्हता, म्हणून कानी आणि न्त्शोना कागदोपत्री फुगार्डच्या घरचे नोकर होते. आणि हेच दोघं १९७५ मध्ये 'सिझ्वे बान्झी इज डेड' आणि 'द आयलंड' या दोन नाटकांसाठी न्यूयॉर्कमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं टोनी अवॉर्ड वाटून घेतात.

आता सरांचा प्रश्न. आपल्याकडे रूपांतर म्हटलं की राजाचा कारखानदार कर, भाल्याच्या जागी पिस्तूल दे, असं डोक्यात येतं. त्यातूनही चांगली नाटकं झालीत, मी नाकारत नाही. पण 'द आयलंड'मध्ये अँटिगनीला आजच्या काळात आणलेलं नाही, आजच्या दोन माणसांना ती हवी आहे. नाटकातले दोन कैदी म्हणजे जॉन आणि विन्स्टन, नावं नटांचीच. जॉन रात्री कोठडीच्या जमिनीवर खडूने तिची गोष्ट मांडतो आणि विन्स्टनकडून घोकून घेतो, आरोप काय, कबुली काय, बाजू काय, शिक्षा काय. विन्स्टनच्या ते डोक्यातच शिरत नाही. अँटिगनी गुन्हा कबूल करते म्हटल्यावर तो चिडतो, का कबूल करते, तिने गुन्हा केलेलाच नाही! जॉन वैतागून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. हा विन्स्टन कोण, तर पोलीस चौकीसमोर आपलं पासबुक, म्हणजे कृष्णवर्णीयांना कायम जवळ बाळगावा लागणारा पास, जाळलं म्हणून जन्मठेपेवर आलेला माणूस. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या मुलीने 'नॉट गिल्टी' म्हणावं म्हणून तो भांडतोय! एवढ्या एका भांडणात मला सगळं थीब्ज दिसतं गं. कोरस कशाला पाहिजे.

प्रश्न : नेल्सन मंडेलांनी स्वतः तुरुंगात अँटिगनीत काम केलं होतं असं वाचलं. हे खरं का दंतकथा? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : खरं आहे काका. त्यांनी स्वतः आत्मचरित्रात लिहिलंय. बेटावर कैद्यांची नाटकमंडळी होती, नाताळच्या सुमारास प्रयोग व्हायचे, आणि मंडेलांनी काम केलं ते क्रेऑनचं. अँटिगनीचं नाही, क्रेऑनचं! मला हे फार मोलाचं वाटतं. सत्तावीस वर्षं कैदेत काढणारा माणूस, त्यातली अठरा या एका बेटावर, आणि तो तिथे अंगावर घेतो ते हुकूम सोडणाऱ्या राजाचं काम. क्रेऑन सुरुवातीला वाईट माणूस नाही, देशाचं भलं व्हावं असंच त्याला वाटतं, पण तो ऐकत नाही, वाकत नाही, आणि राज्य करणाऱ्याजवळ न्यायाबरोबर दया लागते ती त्याच्याजवळ नाही, अशा अर्थाचं मंडेलांनी लिहून ठेवलंय. अँटिगनी त्यांना आपल्याच लढ्यातली वाटायची, अन्यायाचा कायदा मोडणारी.

फक्त एक घोळ टाळा. 'द आयलंड' हे मंडेलांवरचं नाटक नाही. आंतरजालावर दोन्ही गोष्टी एकत्र कालवलेल्या दिसतात. नाटकातले जॉन आणि विन्स्टन साधे कैदी आहेत, नावंसुद्धा नटांचीच ठेवलेली.

प्रश्न : आमच्या ग्रुपमधला विन्स्टन करणारा मुलगा अँटिगनीचा विग घालायला तयार नाही. म्हणतो सगळं कॉलेज हसेल, आईवडील बघायला येणार आहेत. त्याला कसं समजवायचं? आणि मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांसारखे लोक होऊन गेले ते सांगितलं तर म्हणतो ते वेगळं. (दिग्दर्शन करणारा विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : अरे मित्रा, तुझा नट बरोबर बोलतोय, ते वेगळंच आहे. बालगंधर्व स्त्रीपार्ट करायचे तेव्हा समोरचा पुरुष आहे हे लोकांनी विसरावं अशी ती कला होती, घराघरातल्या बायका त्यांच्यासारखं नेसायला शिकल्या. इथे उलट आहे. इथे विन्स्टन बाई दिसताच कामा नये. दोरीचे केस, छातीला काहीतरी बांधलेलं, गळ्यात जॉनने रात्र रात्र जागून सुतळीत खिळे ओवून केलेली माळ, आणि खाली कैद्याची हाफ पँट. जॉन त्याला बघून पोट धरून हसतो आणि विन्स्टन सगळं अंगावरून ओरबाडून फेकतो, मी पुरुष आहे, मी हे करणार नाही, म्हणतो. तुझ्या नटाला जे होतंय तेच विन्स्टनला होतंय रे! त्याला समजवू नकोस. पुढची एक तालीम अशी घे की त्याने जे तुला सांगितलं, कॉलेज हसेल, आई बघेल, तेच त्याने आपल्या शब्दांत जॉनला ओरडून सांगायचं. मग संहितेवर या.

आणि त्यावर जॉन काय म्हणतो ते नीट वाच. तो म्हणतो की बाहेरचे हसतीलच, आधी हसू देत, पण हसून झालं की ऐकावं लागेल. तुझ्या प्रयोगालाही लोक हसणार, हसायलाच हवेत. पहिल्या वेळी विग दिसला की थिएटर खिदळलं पाहिजे, म्हणजे शेवटच्या प्रवेशात तोच विग आल्यावर जी शांतता पडते ती कळेल. म्हणून ड्रेपरीवाल्याकडून छान काळा टोप भाड्याने आणू नकोस, तसं केलंस तर सगळं बिघडेल. काथ्याची दोरी घ्या, उसवा, आणि नटांनीच बसून तो विग करा. माळसुद्धा खऱ्या खिळ्यांची, चालताना वाजली पाहिजे. बाकी सामान म्हणजे दोन घोंगड्या, चटया, पाण्याची बादली, दोन टिनचे मग. त्यातल्याच एका मगचा ते रात्री फोन करतात, न्यू ब्रायटनला 'कॉल' लावतात, मित्रांची, बायकापोरांची चौकशी करतात. हसत हसत सुरू होतं ते, आणि मग बायकोबद्दल विचारायची वेळ येते. तो प्रवेश घाईत घेऊ नका, प्लीज.

प्रश्न : सुरुवातीला दहाएक मिनिटं दोघं नुसती वाळू उपसतात, एक शब्द नाही. स्पर्धेत वेळेचं बंधन असतं. हे मिनिटभरावर आणलं तर चालेल ना? (डोंबिवली)

उत्तर : नाही. दुसरीकडे कुठेही कात्री लावा, इथे नको.

एका हौशी ग्रुपचा प्रयोग मी पाहिला होता, त्यांनी हा भाग मिनिटाच्या आत उरकला, वर दर्दभरं म्युझिक टाकलं. पोरं मेहनती होती, आवाज चांगले होते. पण मग पुढे विन्स्टन जेव्हा रडकुंडीला येतो तेव्हा आम्हाला खुर्चीत काहीच झालं नाही, कारण तो कशाने मोडलाय ते आमच्या अंगाला कळलंच नव्हतं, नुसतं सांगण्यात आलं होतं. बाहेर पडताना मला इतकं वाईट वाटलं, की एवढ्या कष्टाची माती एका मिनिटाने झाली.

ते काम नीट बघा काय आहे. दोघं दोन ठिकाणी खणतायत. प्रत्येकजण आपल्या खड्ड्यातली वाळू गाड्यात भरतो, जीव काढून ढकलत दुसऱ्याकडे नेतो आणि त्याच्या खड्ड्यापाशी ओततो. दोघांचे ढीग तेवढेच राहतात. माझ्या कष्टाने तुझं काम वाढतं आणि तुझ्या कष्टाने माझं. ही शिक्षा शोधून काढणाऱ्याचं डोकं बघा, त्याला दोस्तांना एकमेकांचे वैरी करायचंय. मग शिट्टी, मग दोघांना हाताला हात नि पायाला पाय साखळीने बांधून पळवणं, मार. कोठडीत येतात तेव्हा विन्स्टनचा डोळा फुटल्यासारखा झालेला, औषध नाही, तर जॉन स्वतःच्या हातात लघवी करून त्याने तो डोळा धुतो. मिनिटभराच्या माइमनंतर हे केलंत तर लोकांना किळस येईल. दहा मिनिटांनंतर कुणाला किळस येत नाही.

तालमीसाठी एक सांगते. आठवडाभर खरी वाळू, खरं घमेलं, खरं फावडं घेऊन करा, कुठल्याही बांधकामावर मिळेल. पाठीला वजन कळू दे. मग सामान काढून घ्या आणि रिकाम्या हातांनी करा, रंगमंचावर वाळू आणायची नाही. आणि फुगार्डने कानी आणि न्त्शोनाला करायला लावलेला एक साधा खेळ आहे तोही करून बघा : जमिनीवर घोंगडी पसरायची, दोघांनी तिच्यावर उभं राहून हिंडायचं, मग ती दुमडायची, अर्धी करायची, परत अर्धी, आणि दोघांनी त्याच्यावरच राहायचं. शेवटी हलताच येत नाही. कोठडी म्हणजे काय ते नेपथ्याने सांगायची गरज उरत नाही.

प्रश्न : हे सगळं आपल्याकडच्या तुरुंगात आणून पूर्ण मराठीकरण केलं तर जास्त भिडेल असं वाटत नाही का? पासबुक वगैरे आपल्या प्रेक्षकाला काय कळणार? (ठाणे)

उत्तर : मला नाही वाटत. कळेल हो, आपला प्रेक्षक काही दुधखुळा नाही. कृष्णवर्णीयांनी कायम पास जवळ बाळगायचा, तो नसेल तर अटक, हे एका वाक्यात कळतं. आणि आपला संबंध नाही असं तरी कुठे आहे, १६ ऑगस्ट १९०८ ला जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात गांधीजींच्या समोर दोन हजारांहून जास्त हिंदी माणसांचे नोंदणी दाखले कढईत जाळले होते. विन्स्टनने चौकीपुढे जे केलं तेच, हे नाटक येण्याच्या पासष्ट वर्षं आधी, त्याच देशात आपली माणसं करून गेलीत. ही गोष्ट स्मरणिकेत छापा हवी तर.

माझी खरी भीती दुसरी आहे. इथल्या तुरुंगात आणलंत की त्यांचा गुन्हा बदलावा लागेल, गुन्हा बदलला की कोण कोणाला कशासाठी कोंडतंय ते बदलेल, आणि मग तुम्ही वेगळं नाटक लिहायला बसलात. लिहा ना, जरूर लिहा, पण मग या दोघांची नावं घेऊ नका. डॉ. लागूंनी अँटिगनी मराठीत केलं, पुलंनी 'राजा ओयदिपौस' केलं, तेव्हा थीब्ज थीब्जच राहिलं आणि भाषा आपली झाली. तसंच करा. भाषेवर मात्र घाम गाळा. कोठडीतली मराठी रोजची, तुटक, एकमेकांना शिव्या घालणारी, पण टपोरी करू नका, ही माणसं भाई नाहीत. आणि शेवटच्या खटल्यातली मराठी वेगळ्या उंचीची हवी, थोडी जुनी, पाठ करावी लागलेली. दोन्ही एकाच सुरात आल्या तर शेवट पडेल. 'न्याना वे सिझ्वे', म्हणजे या मातीचा लेक, हे तसंच ठेवा, ते कोसा या त्यांच्या भाषेत बोललेलं कानाला गोड लागतं आणि अर्थ आपोआप पोचतो.

आणि हो, भाषांतराची आणि प्रयोगाची परवानगी आधी मागा. तालीम सुरू करून नव्हे, आधी.

प्रश्न : शेवटी विन्स्टन विग काढतो तेव्हा बोलतो कोण, अँटिगनी की विन्स्टन? आमच्यात यावरून दोन तट पडलेत. (सांगलीचाच ग्रुप)

उत्तर : संहितेत स्पष्ट आहे. तो विग उपटून काढतो आणि प्रेक्षकांसमोर विन्स्टन म्हणून उभा राहतो. पण तुमच्यात तट पडले याचा मला आनंद झाला, कारण त्या आधी काय काय झालंय ते आठवा.

मधल्या प्रवेशात जॉनला कळतं की अपील मंजूर झालं, दहा वर्षांची तीन झाली, तीन महिन्यांत सुटका. दोघं आधी वेड्यासारखे आनंदतात. मग रात्री विन्स्टनच्या तोंडून विष बाहेर पडतं. तो जॉनच्या सुटकेचा एकेक दिवस मोजतो, त्याला गावात कसे घेऊन जातील, दारू पाजतील, बाई देतील, सगळं रंगवून सांगतो, थांबत नाही, आणि जॉन ऐकून घेतो. तुझ्या स्वातंत्र्याचा मला वास येतो आणि मी वेडा होतोय, असं तो म्हणतो. दगडखाणीतला एक म्हातारा कैदी आहे, सत्तरीचा, दगड फोडता फोडता दगडच झालेला, विन्स्टनला त्याच्यात उद्याचा आपण दिसतो.

आणि मग प्रयोग. आता कामं कशी वाटून दिलीत बघा : क्रेऑन कोण, तर जॉन, जो तीन महिन्यांनी सुटणार. अँटिगनी कोण, तर विन्स्टन, ज्याला जिवंतपणी इथेच पुरलंय. प्रयोग सुरू करताना जॉन समोर बघून कॅप्टनचं, होडोशेचं, वॉर्डरांचं नाव घेऊन स्वागत करतो आणि मगच 'जंटलमेन' म्हणतो. म्हणजे तिकीट काढून बसलेले तुम्हीआम्ही त्या क्षणी तुरुंगाच्या अधिकाऱ्यांच्या खुर्च्यांवर बसलेलो असतो. दिवे प्रेक्षागृहावर थोडे चढवा तिथे, लोकांना एकमेकांचे चेहरे दिसू द्या.

खटला होतो. अँटिगनी विचारते की हा कायदा केला कुणी, माणसाने ना. क्रेऑन शिक्षा सुनावतो : बेटावर न्या, कोठडीत जिवंत कोंडा. मूळ नाटकात गुहा आहे, बेट नाही, 'बेट' हा शब्द जॉनचा. तो उच्चारताना जॉनने विन्स्टनकडे बघायचं की नाही हे तुम्ही ठरवा, मी असते तर बघू नकोस म्हणाले असते. मग विन्स्टन विग काढतो आणि म्हणतो की ज्या गोष्टींना मान द्यायचा त्यांना मी मान दिला म्हणून मी आता माझ्या जिवंत मरणाकडे जातोय. हेच वाक्य थोड्या फरकाने सोफोक्लीसच्या अँटिगनीचंही आहे. ज्या माणसाला काल बाईचे केस डोक्यावर ठेवणं सहन होत नव्हतं त्याने आज ते काढलेत ते लाज वाटली म्हणून नाही, आता ते शब्द बोलायला त्याला केसांची गरज नाही.

त्यामुळे दोन्ही तटांना सांगा, तालमीत दोन्ही करून बघा, एकदा अँटिगनीच्या सुरात, एकदा विन्स्टनच्या. आवाज उंच चढवू नका तिथे, तो नट स्वतःच्या साध्या आवाजात बोलला तर पुरे. त्यानंतर टाळ्यांसाठी थांबू नका. दोघं खटल्याचे कपडे उतरवतात, मनगटं एकमेकांवर आपटून साखळी पडल्यासारखी धरतात, आणि पहिल्या प्रवेशासारखं पुन्हा पळायला लागतात, घसटत, अडखळत, वर सायरन चालू. ब्लॅकआउट पळता पळताच द्या.